बोंद्रेकाकांचा झेडचा तक्ता

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत कोणाला यायला उशीर झाला, की बोंद्रेकाका नुसतं घड्याळ पाहून थांबत नाहीत. शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढतात आणि त्यावरच्या बारीक आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवू लागतात.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो; काकू गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. काका बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सुताची जाडी तपासायचे. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल तिथेच विसरले आणि हा तक्ता तेवढा आठवणीने घरी आणला. आता तपासायला सूत नाही, म्हणून आम्ही.

एकदा दूधवाला सात मिनिटं उशिरा आला. मी कुरकुरलो, तर काकांनी मला ओट्यावर बसवलं. "याच्या येण्यात रोजचा फरक चार मिनिटांचा. साताले चारनं भाग. एक पॉइंट पंचाहत्तर. हा झाला झेड." मग डावीकडे १.७ ची ओळ, वर ०.०५ चा रकाना, आणि दोन बोटं भेटली तिथे ०.९५९९.

म्हणजे शंभरातले शहाण्णव दिवस हा एवढा उशिरा येतो, असं मी म्हणालो. काकांनी कपाळाला हात लावला. शहाण्णव दिवस तो याच्या आत येतो. उशिराचे दिवस हवे तर एकातून वजा करायचं, शंभरातले चार उरतात. "चार दिवस चालते गा." कधी वजा करायचं आणि कधी नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी बी.कॉम. आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी परतताना माझी गाडी पंक्चर झाली, मोबाईलही बंद पडला. गाडी ढकलत मोठ्या रस्त्याच्या वळणावर आलो, तर समोर काका. पायात घरातल्या स्लीपर, हातात तक्ता. मी रोज पावणेसातच्या आसपास येतो, हे त्यांनी एका वहीत टिपून ठेवलं होतं.

"दोन पॉइंट आठ झाला तुया झेड," ते म्हणाले. "दोनच्या वर गेला की मी उठतो."

मी वैतागलो. एवढ्यासाठी कोणी रस्त्यावर येतं का, म्हणून विचारलं. काका गाडीला हात लावून चालू लागले.

"तुह्या काकूले आंघोळीले वीस मिनिटं लागत. त्या दिवशी चाळीस झाले. मी म्हटलं, होते कधी कधी. अन् पेपर वाचत राहिलो." मग म्हणाले, "जिंदगीभर सूत मोजलं गा. तिले नाही मोजलं."

मला फार वाईट वाटलं. आम्ही तसेच गाडी ढकलत घरी आलो.

तक्ता मला अजून कळत नाही. पण संध्याकाळी फाटक उघडलं, की मी आधी हाक मारतो, "काका, आलो." आतून "बरं" असं उत्तर येतं आणि त्यामागून कागदाची घडी घातल्याचा आवाज.