स्वकष्टार्जित रक्तदाब

हे ऐकून तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नका. मी स्वतः तिथे हजर होतो, तरी मलाही ते अजून पुरतं पटलेलं नाही. सरका जरा, कट्ट्यावर माझ्या नातीलाही बसू द्या.

तर ही कृतिका. शाळेच्या तपासणीत हिचा रक्तदाब वाढलेला निघाला. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हापुन्हा बोलावून मोजला, तरी तो खाली यायला तयार नाही. मग बाईंनी साधी विचारणा केली की, मुलांमध्ये हे पुष्कळदा घराण्यातून उतरतं, तेव्हा दोन्हीकडे कोणाला आहे ते सांगा. कोणाला असेल तर एक दिशा मिळेल. कोणालाच नसेल, तर मूत्रपिंडापासून हृदयापर्यंत सगळं धुंडाळावं लागेल, आणि सुया पोरीला टोचतील.

आता आम्ही पडलो डोंबिवलीचे आगरी. बापजाद्यांनी मिठागरं राबवली, आम्ही त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे केले. घराण्यातून खाली येणारी कुठलीही गोष्ट आम्ही बैठकीशिवाय कबूल करत नाही. त्यात माझ्या धाकट्या मुलाची, मयूरची, सोयरीक जुळत आलेली. घराण्यात बीपी आहे असं मुलीकडच्यांना कळलं असतं, तर नारळ परत आला असता.

थोरले बंधू सीताराम यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली. आमचे वडील अर्धं अंग लुळं पडून गेले होते. त्यांना ऊन लागल्याचं एकमताने मंजूर झालं. चुलते जेवताना पाटावरच कलंडले होते. ती मृत्यूपूर्व डुलकी ठरली. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडला होता, तसा रक्तदाबावरचाही सोडला. जमिनीच्या वेळी त्या रडल्या होत्या. या वेळी त्यांनी पेढे आणले.

उरले व्याही दगडूराव, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना मी नम्रपणे सुचवलं की, माल तुमच्याकडचा दिसतो.

"पंढरीशेठ," ते म्हणाले, "आमच्यात माणूस मरतो, पण ठणठणीत तब्येतीत मरतो."

अखेर उभयपक्षी मोजणीचा ठराव झाला. समाजमंदिरात दोन्ही घराणी समोरासमोर बसली. यांचे दंड त्यांनी बांधले, त्यांचे यांनी. निकाल असा लागला की, एकालाही रक्तदाब नाही. नाही म्हणजे जवळजवळ नाहीच. दोन्हीकडच्या मंडळींनी घरून निघताना खबरदारीचे उपाय पाण्याच्या घोटाबरोबर इतके मनापासून घेतले होते की, सगळे सतरंजीवर आडवे झाले. घराणी इतकी निरोगी ठरली की आभारप्रदर्शनाला कोणाला उठता येईना.

कृतिकाची आई, आमची सूनबाई दर्शना, तेवढी उभी होती. ती म्हणाली, "एकाने तरी खरं बोला हो. उद्या रक्त काढायचंय तिचं."

त्यावर सीतारामभाऊंनी पडल्या पडल्या निवाडा दिला. वडिलोपार्जित नाही, आजोळाकडून नाही, त्याअर्थी सदर रक्तदाब मुलीने स्वकष्टाने मिळवलेला असून त्यावर अन्य कोणाचाही दावा नाही. टाळ्या पडल्या, झोपूनच. दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या तपासण्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. तो दंडावरचा कापूस आजचाच. मयूरची सुपारी मात्र थाटात फुटली.

आणि मी? मी बाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं की, आमच्या सात पिढ्यांच्या अंगात मीठ मुरलंय, पण रक्त कधी चढलं नाही. माझंच बघा, या वयात एक गोळी ठाऊक नाही...

"आजोबा, मग सकाळी पापडाच्या डब्यातून काढून खाता ती कसली?"

"ती होय? ती पोटाची गं."

"मी आज डॉक्टरबाईंना नेऊन दाखवली. बीपीची आहे." कृतिकाने कापूस काढून माझ्या तळहातावर ठेवला, आणि मग कट्ट्याकडे वळली. "तुम्ही सगळे कशाला हसताय? तुमचे डबे कुठे असतात?"