जन्मभर दुरुस्ती फुकट

इंदूरजवळच्या आमच्या धारमध्ये पुढाऱ्याचा वाढदिवस आला की दोघांना मनापासून आनंद होतो. एक खुद्द पुढारी आणि दुसरे आमच्या गल्लीतले बंडूकाका. काका चौकात उभे राहतात, फ्लेक्सवरच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "चार पिशव्या सहज निघतील, भिया."

वाढदिवस उलटला की फ्लेक्स काकांच्या मशीनवर चढतो. त्यांचे पूर्वज इथल्या मराठा दरबाराचे तंबू शिवायला इकडे आले. "तंबू गेले, दरबार गेला, सुई राहिली," असा ते इतिहास सांगतात. जोडलेले हात पिशवीच्या बाहेर, आश्वासनं आत, हसरा चेहरा तळाला. "बटाट्यांचं ओझं त्यालाही पेलू दे थोडं."

प्रत्येक पिशवीबरोबर वचन मिळतं: "जन्मभर दुरुस्ती फुकट." जन्म कोणाचा, पिशवीचा की काकांचा, याचा खुलासा नाही. माझ्या पिशवीचा बंद मात्र नेमाने तुटतो. मग काका म्हणतात, "चल वर, चहा घेऊ. घर खाली आहे."

पहिल्यांदा मी जिन्यातच गोंधळून थांबलो होतो. "काका, मराठीत खाली म्हणजे तळाला. तुम्हाला रिकामं म्हणायचंय."

"धारचा तू, पुण्याची मास्तरकी नको करू. खाली म्हण, रिकामं म्हण, माणूस नाही एवढंच."

काकू गेल्या. मुलगा देवासला कारखान्यात आहे, फोनवर हिंदीतच बोलतो.

मध्यंतरी उद्योजकतेवर शिबिर झालं. विषय 'सर्जनशीलतेतून शाश्वत उद्योग'. काकांना शाल, नारळ आणि इंदूरच्या तज्ज्ञांचं कौतुक मिळालं. "ग्राहक बार-बार लौटता है! इसका राज़ क्या है, काकाजी?"

काका अवघडले. "कोई आता है तो अच्छा लगता है, साहब."

तज्ज्ञांनी फळ्यावर 'कस्टमर रिटेन्शन' लिहून दोनदा अधोरेखित केलं. काकांची नजर त्यांच्या मागच्या बॅनरवर होती. आठवड्याभरात गल्लीत कोणाच्या पिशवीवर 'शाश्व' आलं, कोणाच्या पिशवीवर 'त'.

त्याच सुमारास नालछा गावची एक सीताफळवाली पिशवी घ्यायला आली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. काकांनी तिच्या बंदावर दुहेरी टीप मारली, वर आडवे टाके घातले, ओढून पाहिलं. मग माझी पिशवी घेतली आणि एकच टीप मारून दोरा तोडला.

"हा काय न्याय, काका?"

"ती बसने येते. रस्त्यात बंद तुटला तर सीताफळं सांडतील तिची."

"आणि माझा?"

"तू काय, गल्लीतलाच." त्यांनी मान वर केली नाही.

गल्लीतल्या मराठी घरांतल्या सगळ्याच पिशव्या का तुटतात, ते मला तेव्हा कळलं.

या हिवाळ्यात माझा बंद काही केल्या तुटेना. काकांचा हात चुकून घट्ट पडला असावा. बटाटे भरले, कांदे भरले, विश्वकोशाचे खंडसुद्धा भरून पाहिले. जाता-येता दिसायचं, काका मशीनशी नुसतेच बसलेले, पाय पायट्यावर स्थिर. शेवटी एका रविवारी मी कात्री घेतली.

काकांनी बंदाचं टोक अंगठ्यावरून फिरवलं. कापलेलं कोणतं आणि तुटलेलं कोणतं, हे तंबू शिवणाऱ्याच्या वंशजाला कोणी सांगावं लागत नाही.

"फार झिजला रे," ते म्हणाले. "चल वर. घर खाली आहे."

या वेळी मी मराठी दुरुस्त केलं नाही.