मंजनाचा देखणा डबा

ठाण्याच्या कारखान्यात मी नकाशे काढत असे. अख्ख्या इंजिनाचा सांगाडा कागदावर उतरवणारा माणूस मी! मंजनाचा डबा म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!

"डबा मी करतो, भाऊ," सासऱ्यांना मी छातीठोकपणे सांगितलं.

भाऊ कल्याणचे वैद्य. सासूबाई गेल्या आणि त्यांनी दुकान बंद केलं ते केलंच. चित्रा, म्हणजे माझी बायको, त्यांना डोंबिवलीला आमच्याकडे घेऊन आलेली; पण ते नुसते खिडकीशी बसून राहायचे. वाढलं तर जेवत, नाही तर आठवणही करत नसत. शेवटी तिनंच टूम काढली, त्यांचं दंतमंजन पुडीऐवजी छानशा डब्यातून विकायचं. भाऊ एवढंच म्हणाले, "वाटीभर मावू दे म्हणजे झालं."

कारखान्यातल्या सवयीनं मी आधी पुठ्ठ्याचे अर्ध्या मापाचे नमुने केले. पहिल्याचं झाकण बसेना. दुसरा कीर्तनात पेंगणाऱ्या माणसासारखा एका अंगाला कलला. तिसरा मात्र सहा बाजूंचा, देखणा! चित्रानं त्यात मंजन भरून पाहिलं. अर्धी वाटी मावलं.

"झालं तर!" मी म्हणालो. "प्रत्येक बाजू दुप्पट केली की वाटीभर!"

"नक्की ना हो?"

"अगं, हाच तर माझा धंदा!"

पत्र्याचे डबे करणाऱ्या रतनशेठकडे नमुना गेला. सांगितलं तसे, दुप्पट मापाचे डबे पोतं भरून आले.

भाऊंनी एका डब्यात वाटीभर मंजन ओतलं. आत वाकून पाहिलं. मंजन तळाशी! दुसरी वाटी ओतली, तिसरी ओतली. चौथ्या वाटीला डबा भरला. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट. म्हणजे पोट आठपट! शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण मी पडलो कागदावरचा माणूस, आणि कागदाला पोट नसतं!

चित्रा माझ्याकडे बघेना. मी भाऊंकडे बघेना.

"जावईबापू," भाऊ सावकाश म्हणाले, "हे हत्तीसाठी आहे का हो?"

आणि ते हसले. खांदे हलेपर्यंत हसले. चित्रा तोंडाला पदर लावून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊंनी टोपी घातली.

"कुठे निघालात?" चित्रानं विचारलं.

"दुकानात. एवढे डबे भरायचे तर मंजन कोण कुटणार?"

आम्ही दोघंही गेलो. कुटून कुटून माझ्या तळहाताला फोड आले, पण भाऊ दमले नाहीत. मधेच ते सासूबाईंविषयी बोलू लागले. त्या गेल्यापासून प्रथमच. आमचे हात थांबले, त्यांचा बत्ता चालूच होता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आल्या शहाडच्या ठमाबाई. त्यांनी डबा फिरवून पाहिला, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"लई झ्याक केलाय! कुणी काढला?"

"मी!" माझी छाती फुगली.

"एक द्या मला, वैद्यबुवा," ठमाबाई म्हणाल्या. "पर आतलं मंजन काढून घ्या. मी मिशेरी लावते. हळदीला व्हईल हा."