बाई किती विती?

दुसरीच्या बाईंचा बाणा एकच होता. "माझ्या वर्गात मुंगी शिंकली तरी ती पालकांना कळली पाहिजे!" आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हो, बाई ते खरंच करायच्या. वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांनी सगळ्या पालकांचे नंबर गोळा केले आणि बातम्यांचा जो धडाका लावला, विचारू नका! 'मुलं वर्गात बसली.' 'मुलं उभी राहिली.' 'मुलं पुन्हा बसली.' 'खिडकीत कबूतर आलं.' 'कबूतर गेलं. मुलं नाराज.' रात्रपाळी करून झोपलेल्या एका बापाने तर कबूतर गेल्याच्या बातमीनंतर फोन उचलून पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवला.

तक्रारी गेल्या मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना सगळी शाळा वचकून असायची, घंटासुद्धा त्यांच्या नजरेनेच वाजते अशी मुलांची समजूत होती.

"अहो बाई, पालकांना कळवा, पण त्यांना जगूही द्या!"

"पण मोठ्या बाई, आपलं लेकरू दिवसभर काय करतं हे त्यांना कळायला नको?"

"मग चित्रं पाठवा. आठवड्यातून एकदा. मुलं काढतील, घरी नेतील. आणि त्यावर तुमचं एक अक्षरही नको! तुम्हाला एक अक्षर लिहू दिलं की तुम्ही पुराण लावाल."

बाईंनी ही अट तंतोतंत पाळली. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलं त्या आठवड्यातली सगळ्यात भारी गंमत काढायची आणि दप्तरात घालून घरी न्यायची. अक्षर एक नाही!

बाईंचा या चित्रांवर फार जीव होता. वर्गात एक भिंगरी होती. एका जागी कधी बसायची नाही म्हणून भिंगरी. तिचे बाबा बस चालवायचे. पोर उठायच्या आधी हे घराबाहेर आणि घरी यायचे तेव्हा पोर झोपलेली. एकदा बाई त्यांच्याच बसमध्ये चढल्या तर समोर काचेच्या कोपऱ्यात भिंगरीचं चित्र चिकटवलेलं! वर्गातल्या उंदराचं. बाई आपल्या थांब्यावर उतरायचंच विसरल्या.

पण मोठ्या बाईंना असल्या गोष्टी सांगून उपयोग नसायचा. त्यांना आकडे लागायचे.

"मागच्या पालकसभेला तुमच्या वर्गाचे किती पालक आले होते?"

"तीन."

"त्यातले एक चुकून आले होते."

"हो, त्यांना तिसरीत जायचं होतं. पण शेवटपर्यंत बसले हो बिचारे!"

"ते काही नाही. या शनिवारच्या सभेला निम्मा वर्ग तरी भरला पाहिजे. भरला तर चित्रं चालू. नाही भरला तर शुक्रवारच्या त्या तासाला शुद्धलेखन!"

शुद्धलेखन! तेही चित्रांच्या जागी! पण चेहरा हसरा ठेवून बाई म्हणाल्या, "निम्मा काय, अख्खा वर्ग भरून दाखवते!" बोलून तर गेल्या. आता पालकांना ओढून कोण आणणार?

त्या आठवड्यात लांबी मोजण्याचा धडा होता. मुलांनी विती टाकत टाकत आधी बाकं मोजली, मग फळा मोजला, मग दार मोजलं. शिपाईमामा डुलकी घेत होते तर त्यांचं स्टूल मोजलं, मामांसकट. सगळं मोजून संपलं तेव्हा भिंगरीने विचारलं, "बाई, तुम्ही किती विती?"

दुसऱ्या कोणी असत्या तर 'गप बस' म्हणाल्या असत्या. पण मुलाचा प्रश्न वाया घालवतील तर त्या आपल्या बाई कसल्या! त्यांनी मागची चटई ओढली, वर्गाच्या मधोमध अंथरली आणि सरळ आडव्या झाल्या. "मोजा!"

अख्खा वर्ग तुटून पडला. आणि बाईंना तेव्हाच आठवलं, की आपल्याला गुदगुल्या होतात! तळपायापासून सुरुवात झाली आणि बाईंनी जे हसायला सुरुवात केली! डोळे गच्च मिटलेले, तोंड वासलेलं, गालांवरून पाणी वाहतंय. "अरे पोटावरून नको! काखेतून तर अजिबात नको! सरळ जा, सरळ!" ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. तेवढ्यात हा गोंधळ ऐकून मोठ्या बाई दाराशी आल्या. "अगंबाई!" म्हणून त्यांनी डोक्याला हात लावला, ओठ दाबून आलेलं हसू गिळलं आणि आल्या पावली परत गेल्या.

निकाल लागला. भिंगरीच्या बाई अकरा विती भरल्या. दुसऱ्या कोणाच्या बारा, तिसऱ्याच्या चौदा. एकाच्या बाई साडेनऊच भरल्या, कारण मान मोजायची त्याला लाज वाटली. मग भांडणं! "बाई एकच, मग आकडे वेगवेगळे कसे?"

"सोमवारी सांगते," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तोवर विचार करा."

शुक्रवारी चित्रं काढायची वेळ आली तेव्हा काय काढू म्हणून एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी एकच चित्र काढलं. बाई जमिनीवर आडव्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं, गालांवर थेंब. भोवती मुलांचा घोळका. दारात डोक्याला हात लावून मोठ्या बाई. तोंड रंगवायचा खडू पहिल्या बाकावरच संपला, म्हणून मागच्यांनी बाईंचा चेहरा निळा केला. आणि वरच्या कोपऱ्यात ज्याचा त्याचा आकडा, ठसठशीत! आकडा म्हणजे काही अक्षर नव्हे, म्हणून बाईंनी तो चालवून घेतला. एकेक चित्र त्यांनी डोळे भरून पाहिलं. आपण तिथे का आडव्या झालो होतो हे त्यांना ठाऊकच होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

शंका संध्याकाळी आली. घरोघरी!

बाईंच्या बातम्यांना कंटाळून पालकांनी बाईंना वगळून आपला एक वेगळा गट केला होता. त्या गटावर पहिलं चित्र पडलं, मागोमाग दुसरं, आणि बघता बघता बाईंच्या आडव्या चित्रांची रांग लागली.

'अहो, बाईंना काय झालं?'

'चेहरा निळा पडलाय!'

'आमच्या चित्रावर अकरा लिहिलंय.'

'आमच्याकडे बारा.'

'आमच्याकडे चौदा!'

'म्हणजे वाढतंय!'

'काय वाढतंय?'

'ते माहीत नाही, पण वाढतंय!'

तुम्ही म्हणाल, मुलांना विचारायचं की! विचारलं ना. मुलांनी खरं तेच सांगितलं. "बाई खाली आडव्या झाल्या. आम्ही हात लावले. मग त्यांच्या डोळ्यांतून खूप पाणी आलं. मग त्यांचा आवाज गेला." आई म्हणाली, "अगं बाई! मग उठल्या का?" तर चिरंजीव म्हणाले, "उठताना मी नाही बघितलं. मधली सुट्टी झाली, मी खेळायला गेलो."

शेवटी धीर करून एका आईने बाईंनाच फोन लावला. ही आई कपडे शिवायची आणि काम सोडून कधी कुठे जायची नाही. बाईंचा घसा एव्हाना पार बसला होता. पण पालकाचा फोन! सभेच्या आदल्या संध्याकाळी! त्यांनी सगळा जीव एकवटून म्हटलं, "उद्या... या... हं. सगळे... या. मी... वाट... बघते."

पलीकडे हुंदका! "बाई, तुम्ही बोलू नका! पडून राहा! आम्ही येतो. सगळे येतो!"

फोनवर फोन आले. बाई प्रत्येकाला कण्हत कण्हत तेवढंच सांगत होत्या आणि प्रत्येक जण शपथेवर येतो म्हणत होता. शेवटचा फोन ठेवून बाईंनी खुणेनेच नवऱ्याला जवळ बोलावलं आणि कुजबुजल्या, "बघितलंत? ही आहे चित्रांची ताकद!"

शनिवारी घशाच्या गोळ्या घ्यायला थांबल्यामुळे बाईंना शाळेत पोचायला जरा उशीर झाला. बघतात तर काय, वर्गाबाहेरसुद्धा माणसं! आयांबरोबर बाबा, बाबांबरोबर आजोबा. कोणाच्या हातात फळं, कोणाच्या हातात गरम दुधाचा थर्मास. सगळ्यांची तोंडं आत वळलेली. आनंदाने बाईंना उडी मारावीशी वाटली. एवढ्यात आतून आवाज आला.

"मोठ्या बाई, खरं सांगा! बाई पडल्या तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. हे बघा, इथे आहात. आणि इथेही. आणि माझ्या मुलीच्या चित्रात तर तुम्ही हसताय!"

ज्यांच्यासमोर शाळा चळचळा कापायची त्या मोठ्या बाई आज चाचरत होत्या. "अहो, त्या पडल्या नव्हत्या... म्हणजे आडव्या होत्या, पण... मला वाटलं, शिकवतायत!"

"आडव्या होऊन?"

"त्या काहीही करतात हो!"

"कामाचा बोजा टाकून टाकून तुम्ही आमच्या बाईंना आडवं केलंत!" शिवणकाम करणारी आई कडाडली. "गेल्या वर्षी माझी पोर शाळेत यायला रडायची. आता सुट्टीच्या दिवशी रडते. अशा बाई परत मिळणार आहेत का?"

दाराआड बाई खिळून उभ्या राहिल्या. शिपाईमामा मागून म्हणाले, "अहो बाई, जा की आत!"

"थांबा ना मामा," बाई कुजबुजल्या, "अजून चांगलं बोलतायत!"

मग भिंगरीचे बाबा उठले. बसच्या गणवेशातच आले होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बोलायची सवय नसलेला माणूस. "मी काय सांगणार? मला माझी पोर फक्त झोपलेली दिसते. ती जागी कशी असते ते मला या बाईंच्या कागदांवर कळतं. बाईंना काही झालं तर..."

आता मात्र बाईंना राहवलं नाही. डोळे पुसत त्या आत शिरल्या. वर्गात असा काही गलका झाला! "बाई आल्या!" "चालत आल्या!" "बसवा, बसवा त्यांना!" बाईंनी तोंड उघडलं. काय झालं ते सांगायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. एक गोळी चघळली, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा! मग खडू घेऊन फळ्याकडे वळल्या, तर तीन आयांनी त्यांचे हात धरले. "आता लिहिणंबिहिणं काही नाही!"

मग बाईंनी शिक्षक करतो तेच केलं. तोंडी सांगून कळत नसेल तर करून दाखवावं! त्या वर्गाच्या मधोमध गेल्या आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या.

"पडल्या! पुन्हा पडल्या!"

काय पळापळ झाली म्हणता! एकाने नाडी धरली, एकाने पाणी शिंपडलं, एक आजोबा चप्पल हुंगायला द्या म्हणून ओरडायला लागले आणि मोठ्या बाई मटकन लहान बाकावर बसल्या त्या तिथेच अडकल्या. एवढ्यात गर्दीतून, माणसांच्या पायांमधून वाट काढत, बाबांबरोबर आलेली भिंगरी पुढे आली. तिने कमरेवर हात ठेवून बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, सरळ झोपा! पाय वाकडे केले की आकडा चुकतो!"

आणि तिने बाईंच्या टाचेपासून वीत टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिसऱ्या वितीला बाई फिसकन हसल्या. पाचव्या वितीला लोळायला लागल्या. डोळे गच्च मिटलेले, तोंड वासलेलं, गालांवर पाणी! अगदी चित्रातल्यासारखं!

मग नाडी धरलेल्या गृहस्थांनी हळूच नाडी सोडली. "म्हणजे... अकरा म्हणजे... विती?" आणि मग असा हशा उसळला की शेजारची तिसरीची सभा उठून बघायला आली.

भिंगरी ओरडली, "अकरा! मी म्हटलं नव्हतं?" तिच्या बाबांनी गुडघे टेकले. "थांब, मी बघतो." बस चालवणारा तो पंजा, त्यांनी बाईंच्या शेजारून जमिनीवरच विती टाकल्या. "सात!"

"बाबा, चुकलं! अकरा!"

"अगं सातच!"

भिंगरीने बाबांचा हात ओढला, त्यावर आपला हात ठेवला आणि एकदम थबकली. तिचं बोट बाबांच्या बोटाच्या निम्म्यापर्यंतच पोचत होतं. "हां! तुमची वीत मोठी आहे, म्हणून आकडा छोटा!" सोमवारचं उत्तर शनिवारीच मिळालं. बाई आडव्या आडव्याच टाळ्या वाजवायला लागल्या. बाबा मात्र उत्तर विसरून, जागी असलेली आपली पोर नुसते बघत बसले होते.

बाकातून सुटका झाल्यावर मोठ्या बाईंनी गणवेशातल्या बाबांपासून थर्मासवाल्या आजोबांपर्यंत सगळी डोकी मोजली आणि हात टेकले. "चालू ठेवा तुमची चित्रं! पण यापुढे प्रत्येक चित्राखाली तुम्ही काय झालं ते लिहायचं. नीट! सविस्तर! मी सांगते म्हणून!"

बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. पुढच्या शुक्रवारपासून चित्राखाली असं काही सुरेख, सविस्तर लिहून जायला लागलं, की वर्गातल्या मुंगीच्या शिंकेचासुद्धा खुलासा व्हायचा. पालक खूश. पिठाच्या डब्यातला फोनसुद्धा बाहेर आला.

मग पुढची सभा आली. पालक किती आले म्हणाल? तीन! एक भिंगरीचे बाबा, एक शिवणकाम करणारी आई आणि एक जण, ज्यांना तिसरीत जायचं होतं. बाकीच्यांनी निरोप पाठवला होता. 'बाई, तुम्ही इतकं छान कळवता, की यायची गरजच उरत नाही!'

मोठ्या बाईंनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग दुसरीच्या बाईंकडे पाहिलं. मग इकडे तिकडे कोणी ऐकत नाही ना, ते बघून जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"काय हो बाई, आता पुन्हा आडव्या कधी होताय?"