काळोखेकाका आणि जागेवरची गाडी

काळोखेकाकांना तुम्ही ‘नमस्कार’ म्हणालात, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. ‘चाकं सरळ करून गाडी लावलीत का?’ असं विचारतात. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्याशी ते बोलतच नाहीत. ही सवलत मिळावी म्हणून गाडी विकायला तयार असलेली माणसं आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत आहेत.

काकांची सगळी नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, स्टिअरिंग कॉलमच्या विभागात झाली. चालकाच्या हातातल्या चाकापासून खाली जाणारा दांडा म्हणजे स्टिअरिंग कॉलम. एका वाक्यात मावणारी ही माहिती मला काकांकडून मिळाली, तेव्हा तिला अख्खी रविवार सकाळ लागली.

‘‘दांडा म्हणायचं नाही,’’ त्यांनी सुनावलं. ‘‘दांडा झाडूला असतो. समोरून धडक बसली तर हा कॉलम स्वतः दुमडतो, म्हणून तुमच्या बरगड्या शाबूत राहतात. हल्ली तुमच्यासाठी दुसरं कोण दुमडतं, सांगा बरं?’’

माझ्या डोळ्यांसमोर नातेवाइकांची सगळी यादी येऊन गेली.

आता यातली खरी गंमत अशी, की काकांना गाडी चालवता येत नाही. लाखो लोकांना वळवणारा हा माणूस स्वतः कायम डावीकडच्या सीटवर. गाडी चालवायच्या मालतीकाकू. काका शेजारी बसून त्यांना सूचना द्यायचे आणि काकू त्यांच्याकडे इतक्या शांतपणे दुर्लक्ष करायच्या, की बघणाऱ्याला त्यांना पीएमटीच्या बसचालकाचं प्रशिक्षण असावं असं वाटे. अलीकडे काकू फारशा दिसत नव्हत्या. ‘तब्येत नरम असते,’ एवढंच काका सांगत, आणि विषय लगेच तुमच्या टायरकडे नेत.

मध्यंतरी मी गाडी बदलून एक जुनी ऑटोमॅटिक घेतली. ही बातमी काकांना माझ्या बायकोच्या आधी कळली. एकदा वाघोलीला लग्नाला निघालो, तर गिअरचा दांडा ‘पार्क’वरून, म्हणजे गाडी उभी ठेवायच्या खुणेवरून, हलेना. मी ओढतोय, बायको घड्याळ बघतेय, आणि काका पार्किंगच्या खांबाला टेकून समाधानाने बघतायत.

‘‘ओढू नका, तो बैल नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ब्रेक दाबा. मी मागून बघतो.’’

मी दाबला.

‘‘मागचा लाल दिवा लागत नाही. म्हणजे पेडलजवळचा स्विच गेला. तुम्ही ब्रेक दाबलाय, हे तो स्विच गाडीला कळवतो. मग आतली एक खीळ सरकते आणि गिअर सुटतो. निरोपच पोचला नाही तर खीळ हलणार कशी? ब्रेकवर पाय नसताना कुणी गिअर ओढू नये, पोराबाळांनी तर नाहीच, म्हणून ही सोय केलीय. तुमच्यासारख्यांपासून जगाचं रक्षण.’’

आम्ही रिक्षाने गेलो. अक्षता संपल्या होत्या. जेवण मात्र शिल्लक होतं, ही बाब मी काकांना मुद्दाम सांगितली नाही.

आणि मग, सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने, माझ्याकडे काकांचीच तक्रार आली. सेक्रेटरी हे पद ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला देतात. तळमजल्यावरच्या सोनवणे मॅडम म्हणाल्या, ‘‘काळोखे रोज संध्याकाळी उघड्या पार्किंगमध्ये गाडी जागेवर चालू ठेवतात. धूर सगळा माझ्या स्वयंपाकघरात. आम्ही आमटीला पेट्रोलची फोडणी द्यायची का?’’

काकांना विचारलं. ‘‘बॅटरी चार्ज ठेवतो,’’ ते म्हणाले आणि नजर चुकवून लिफ्टमध्ये शिरले. चाकांविषयी एक अक्षरही न बोलता! संशय यायला एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच खाली गेलो. गाडी चालू होती. पुढची चाकं डावीकडे वळत होती, उजवीकडे वळत होती, गाडी मात्र तसूभर हलत नव्हती. जवळ गेलो. चालकाच्या जागी मालतीकाकू. नीट नेसलेली साडी, केसांत गजरा, पाय ब्रेकवर, हात गिअरवर. शेजारी काका.

‘‘निघत नाहीये हो,’’ काकू म्हणाल्या.

त्यांचीही गाडी ऑटोमॅटिकच. मागे पाहिलं, तर लाल दिवा बंद. आयुष्यात पहिल्यांदाच मला काकांना काही शिकवायची संधी आली होती. ‘‘काका, ब्रेकचा स्विच गेलाय तुमचा!’’

काका खाली उतरले. माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

‘‘गेला नाही. मीच त्याची वायर काढलीय. हळू बोला.’’

मग त्यांनी सांगितलं. मार्केट यार्डला भाजी आणायला म्हणून काकू निघाल्या होत्या. सापडल्या कात्रजच्या घाटापलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडीत बसलेल्या. कुठे जायचं होतं ते आठवत नव्हतं. घरी फोन करायचा असतो, हेही नाही.

‘‘डॉक्टर म्हणाले, किल्ली लपवा. लपवली. तर ही दिवसभर घरभर किल्ली शोधायची, आणि संध्याकाळी रडायची. मला बघवेना. आता इंजिन सुरू होतं, चाक वळतं, गाणी वाजतात. फक्त गिअर सुटत नाही. मी सांगतो, सिग्नल लाल आहे. पुण्यात राहिलीय, तिला पटतं.’’

मी सोनवणे मॅडमची तक्रार काढणार होतो. ती तशीच राहिली.

तेवढ्यात काकूंनी काच खाली केली. मला त्यांनी ओळखलं नव्हतं, पण आदरातिथ्यात काही कमी नव्हतं. ‘‘कुठे जायचंय आपल्याला? बसा मागे. आम्ही स्वारगेटवरूनच जातोय.’’

मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी मागचं दार उघडून बसलो.

काकूंनी गाडी छान चालवली. एका रिक्षावाल्याला चार शब्द सुनावले, कुणा पादचाऱ्याला जाऊ दिलं. ‘‘मुलं किती? काय करतात?’’ मला विचारत राहिल्या. काका एकही सूचना देत नव्हते. त्यांचा हात काकूंच्या खांद्यामागे, सीटच्या पाठीवर होता. बऱ्याच वेळाने काकूंनी चाक डावीकडे वळवलं आणि म्हणाल्या, ‘‘आलं हो तुमचं स्वारगेट. सांभाळून उतरा, मागून बस येतेय.’’

मी मागे बघून सांभाळून उतरलो. ‘‘थँक्यू, काकू.’’

‘‘अहो, त्यात काय!’’

लिफ्टपर्यंत पोचलो तर काका मागोमाग आले. थोडी धाप लागली होती. माझ्या शर्टाच्या बाहीला उगाच हात लावत म्हणाले, ‘‘उद्या... काही काम आहे का तुम्हाला? नाही, सहज विचारलं. मागे कुणी बसलं की ती बोलते हो. आज किती बोलली.’’

‘‘उद्या मला डेक्कनला जायचंय,’’ मी म्हणालो.