फटाफट मेंढीकोट

ज्युलियसला इस्पिकची सत्ती टाकायला साडेचार मिनिटं लागली. अल्पेशभाईंनी टेबलाखाली मोबाइलवर वेळ लावली होती, म्हणून आकडा नक्की. तेवढ्या वेळात अँथनी दोनदा गॅलरीत जाऊन आला, सोसायटीच्या पाण्याचा पंप सुरू होऊन बंद झाला आणि प्रल्हादरावांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा आपण उतारी कुठल्या रंगाची केली होती हेच त्यांना आठवेना.

"सॉरी," ज्युलियस म्हणाला. तो शब्द यायलाही वेळ लागला.

"अरे, सॉरी काय त्यात! सावकाश!" तिघे एकदम म्हणाले, आणि तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

हे चौघे तेहतीस वर्षं मेंढीकोट खेळत होते. गोखिवऱ्यात पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रल्हादराव स्टोअरला होते, भुईगावचा ज्युलियस मशीनवर, पाचूबंदरचा अँथनी टेम्पोवर. अल्पेशभाईंचं हार्डवेअरचं दुकान गेटसमोर. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि उरलेल्या वीस मिनिटांत एकमेकांच्या मेंढ्या, म्हणजे दश्श्या, पळवायच्या. रिटायर झाल्यावर डाव प्रल्हादरावांच्या सोसायटीच्या ऑफिसात आला. दुपारी तीन ते सहा.

चौघांत ज्युलियस सगळ्यात तयार. चार हात झाले की कुणाकडे काय उरलंय हे तो सांगत असे, आणि ते खरं निघत असे. पण गेल्या वर्षी त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. त्याच्या मुलानं, केविननं, पानं उभी करायला खाचेची लाकडी पट्टी करून दिली. केविनच त्याला गाडीनं आणून सोडायचा. पण इस्पिक की किलवर हे ज्युलियसला दोनदोनदा बघावं लागे, आणि बघून झालं की आधी काय ठरवलं होतं ते विसरायला होई. एक डाव पाऊण तास चाले.

त्या दिवशी केविन त्याला घेऊन गेल्यावर तिघे जिन्याखाली उभे राहिले.

"कोनीतरी सांगायला पायजे त्याला," अँथनी म्हणाला. "मी नाय सांगनार. माझ्या पोरीच्या, रीनाच्या लग्नात मांडवाच्या बांबूवर चढला होता तो."

"मी तर बाहेरचा मानस," अल्पेशभाई म्हणाले. "तुमी कंपनीवाले. तुमचा आपसातला मामला आहे."

"तेहतीस वर्षं झाली, अजून बाहेरचे?" प्रल्हादराव म्हणाले.

"अशा टायमाला बाहेरचाच बरा."

प्रल्हादरावांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलेलं. माणसाला नाही म्हणायचं असलं की ते नियमाचा कागद पुढे करत. आताही त्यांना तेच सुचलं. "पुढच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक मंडळाचा वर्धापनदिन आहे. आपण स्पर्धा ठेवू. फटाफट मेंढीकोट. सोळा माणसं, चिठ्ठ्या टाकून भिडू ठरवायचे. एका पानाला दहा सेकंद. वेळ चुकली की तो हात समोरच्यांचा. तीन डाव झाले की हरलेली जोडी बाद. लोकांना आवडलं तर आपणही मग रोज तसंच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अँथनीला ते कळलं, कारण तो एकदम स्कूटरची किल्ली शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

आधी घरी चाचणी घ्यायची ठरली. चौथ्या म्हणून प्रल्हादरावांच्या पत्नी वसुंधराबाई बसल्या. मोबाइलवर दहा सेकंदांचा गजर लावला. पहिल्या हाताला अँथनीनं गुलाम समजून बदामाचा राजा टाकला. चष्मा काढून पुसेपर्यंत गजर वाजला आणि दुसराही हात गेला. अल्पेशभाईंनी घाईत पान इतक्या जोरात आपटलं की चहाचा कप कलंडला आणि हुकमाची राणी चहात पडली. प्रल्हादराव तर गजराचा आवाज झाला की दचकून हातातलं कुठलंही पान टाकत. तिसऱ्या डावात वसुंधराबाईंनी चारही मेंढ्या धरून नवऱ्यावर कोट चढवला.

"मजा आली," त्या राणी पुसत म्हणाल्या. "पण यात ज्युलियस भाऊजी कसे खेळणार?"

अँथनी वाकून खाली पडलेलं पान शोधायला लागला. पान एकही पडलं नव्हतं.

वसुंधराबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यासाठीच आहे होय हे." आणि कपबशा उचलून आत गेल्या.

प्रल्हादरावांचा हिशोब असा होता की ज्युलियसला नियम कळले की तो आपणहूनच म्हणेल, मी नुसता बघायला येतो. म्हणून ते मुद्दाम भुईगावला गेले. केळीच्या बागेतून जाणारी अरुंद वाट, पुढे घराचा ओटा. ओट्यावर ज्युलियस खुर्चीत बसला होता. बायको लुईझा भाजी निवडत होती. प्रल्हादरावांनी नियमांचा कागद वाचून दाखवला. दहा सेकंद हा आकडा दोनदा वाचला.

ज्युलियस बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "छान. माझं... नाव... लिही."

"अरे, पण वेळेचं जरा..."

"लिहा हो, प्रल्हादभाऊ!" लुईझाच म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "वरीस झालं, या मानसानं कशालाच 'छान' म्हटलं नाय. आजच म्हनाले. मी घेते प्रॅक्टिस!"

प्रल्हादरावांनी नाव लिहिलं. परत येताना ते बसमध्ये एक स्टॉप पुढे गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी लुईझाचा फोन. "आज वीस सेकंद हां, प्रल्हादभाऊ!" मग सोळा. मग बारा. "केविन समोर बसतो, मी घड्याळ धरते. लई हुशारी आलीय त्यांना. पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे जायचंय, त्यांना सांगनार मी."

प्रल्हादरावांचं जेवण कमी झालं. त्यांनी दहाचे पंधरा सेकंद करायचं ठरवलं, पण मंडळाचे अध्यक्ष मोहिते यांनी नियम छापून घेतले होते. "फटाफट म्हणजे फटाफट," मोहिते म्हणाले. "पंधरा सेकंदांत काय, भजन करायचं?" स्पर्धाच पुढे ढकलावी म्हटलं, तर वड्यांची ऑर्डर गेली होती. शेवटी ते बायकोला म्हणाले, "ज्युलियसला खरं सांगून टाकू का?"

"काय सांगणार? तुला घालवायला केलं होतं, पण तू बरा व्हायला लागलास?"

आदल्या दिवशी फोन आला. "नऊ!" लुईझा ओरडली. मागे केविन टाळ्या वाजवत होता.

स्पर्धेच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये चार टेबलं मांडली. वेळ संपल्याची खूण म्हणून चार घरांच्या देवघरांतल्या घंटा आणल्या होत्या. पहिल्या दोन मिनिटांतच चारही घंटा अशा काही वाजायला लागल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून आरतीला खाली आल्या. त्यांना प्रसाद म्हणून एक वडा देऊन परत पाठवावं लागलं.

प्रल्हादराव पंच होते, पण एक जण कमी पडला म्हणून त्यांना खेळायला बसवलं. चिठ्ठीत अँथनी भिडू आला. ज्युलियस पलीकडच्या टेबलावर होता. त्याची भिडू तळमजल्यावरच्या रीटाबाई, रिटायर्ड नर्स, खेळाला पक्क्या. प्रल्हादरावांचं सगळं लक्ष तिकडेच. ज्युलियसची पाळी आली. डावा हात पट्टीकडे गेला, एक पान उचललं, टाकलं. टक्. घंटा वाजली नाही. पुन्हा पाळी आली. टक्. प्रल्हादरावांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात त्यांच्याच टेबलावरची घंटा वाजली. दहा सेकंद होऊन गेले होते. हात गेला, हातातली मेंढी गेली. पुढच्या डावात पुन्हा तेच. पहिल्या फेरीत सगळ्यात आधी बाद झालेली जोडी प्रल्हादराव आणि अँथनीची.

"नियम तूच केलास ना?" अँथनी पानं आपटत म्हणाला. "आता बस वडे खात!"

दुसऱ्या फेरीत ज्युलियस आणि रीटाबाईंनी अल्पेशभाईंच्या जोडीला घरी पाठवलं. अल्पेशभाई घाम पुसत आले. "समजतच नाय, तो काय खेळतो! राजाच्या जागी दुर्री टाकतो, दुर्रीच्या जागी राजा! आपण विचार करत बसतो, अन् घंटी वाजते!"

अंतिम फेरी मोहित्यांच्या जोडीशी. तिसरा डाव. दोन्हीकडे एक एक डाव झालेला, दोन्हीकडे एक एक मेंढी. सगळे खुर्च्या ओढून भोवती जमले. उतारी ज्युलियसची होती, आणि त्यानं किलवरची दश्शी उतरली.

हॉलमध्ये कुणीतरी "अगं आई" म्हणालं. हातात मेंढी असताना ती उघडी टाकून उतारी करणं म्हणजे दार उघडं ठेवून गावाला जाणं. मोहित्यांकडे किलवरचा राजा होता. एक्का कुठे होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी राजाला हात लावला, थांबले, ज्युलियसच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं. "एवढा जुना खेळाडू," ते पुटपुटले, "उगाच नाही टाकणार. एक्का भिडूकडे आहे, आणि माझा राजा काढतोय..."

घंटा वाजली. नियमाप्रमाणे हात ज्युलियसचा, मेंढी ज्युलियसची. एक्का मोहित्यांच्याच भिडूकडे होता. तो भिडू पुढची दहा मिनिटं अध्यक्षांशी बोलला नाही. उरलेली चौथी मेंढी रीटाबाईंनी हुकमानं ओढली.

लुईझा रडायलाच लागली. केविननं बापाला खुर्चीसकट मिठी मारली. बक्षीस म्हणून मोठा हॉटपॉट मिळाला. मोहित्यांनी भाषणात "जिद्द" हा शब्द सात वेळा वापरला.

केविन गाडी आणायला गेला आणि लुईझा वडे बांधून घ्यायला, तेव्हा ज्युलियस आणि प्रल्हादराव गेटजवळच्या बाकावर दोघेच होते. मांडीवर हॉटपॉट.

"अभिनंदन," प्रल्हादराव म्हणाले. "कमाल केलीस, गड्या."

"मी..." ज्युलियसनं श्वास घेतला. "पानं... बघितलीच नाय."

"म्हणजे?"

"रंग... आधीच... लावून ठेवायचे. जो रंग... येईल... त्यातलं... कडेचं... पान. उतारी असली... नायतर रंग नसला... तर पट्टीतलं... पहिलं. दहा सेकंदात... बघून... होत नाय माझं." तो थांबला. "घरी पन... तसंच. लुईझाला... सांगू नको. तिला वाटतं... मी बरा झालो."

प्रल्हादरावांनी मान हलवली.

"कार्यक्रम... चांगला... केलास. माझ्या... निरोपाचा."

"निरोप? कसला निरोप? अरे, ही स्पर्धा होती..."

"कंपनीतला... सेंड-ऑफ पन... तूच... केलेलास," ज्युलियस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो नुसती आठवण सांगत होता. "तेव्हा पन... आधी... बोलला नव्हतास. तुझा... स्वभाव... माहिताय मला." मग त्यानं डाव्या हातानं हॉटपॉटचं झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. "वस्तू... चांगली आहे."

गाडी आली. प्रल्हादरावांनी त्याला आत बसवलं, पट्टा लावून दिला. बोलायचं होतं ते त्यांच्या तोंडाशी आलं, तोवर गाडी वळली होती.

सोमवारी ज्युलियस आला नाही. मंगळवारीही नाही. फोन केला की लुईझा सांगे, झोपलेत, किंवा मासे आणायला गेलेत केविनबरोबर. चौथ्या जागेवर रीटाबाईंना बोलावलं. त्या भराभर खेळत. चार वाजेपर्यंत पाच डाव संपले. मग सहापर्यंत काय करायचं हे कुणाला सुचेना. रीटाबाई विणकाम काढून बसल्या.

"जाऊन घेऊन ये त्याला," दहाव्या दिवशी अँथनी म्हणाला. "पाऊन तास तर पाऊन तास. आपल्याला कुठं जायचंय?"

अल्पेशभाई म्हणाले, "सांगा, टायमर मी नाय लावणार. आईची शपथ."

प्रल्हादराव भुईगावला गेले. या वेळी त्यांनी वाटेत सगळं पाठ केलं होतं. चूक माझी होती, तुझ्याशिवाय डाव बसत नाही, तू ये, हवा तेवढा वेळ घे. पण ओट्यावर ज्युलियसच्या शेजारी लुईझा बसली होती. आतल्या कपाटात हॉटपॉट काचेमागे ठेवलेला दिसत होता.

"ज्युलियस, तू यायचं बंद का केलंस?" एवढंच ते म्हणू शकले. "आम्ही वाट बघतो रोज."

ज्युलियसनं तोंड उघडलं, पण लुईझाला कुठला दम! "राग नका मानू, प्रल्हादभाऊ," ती हसत म्हणाली. तिच्या हसण्यात अभिमान मावत नव्हता. "मी पन हेच विचारलं यांना. तर म्हनाले, तिकडं आता मजा नाय. तुम्ही लोक लई सावकाश खेळता म्हने! यांना आता फटाफटची सवय लागली ना."

प्रल्हादरावांनी ज्युलियसकडे पाहिलं. ज्युलियस त्यांच्याकडेच बघत होता. नजर स्थिर होती आणि तिच्यात एक विनंती होती.

"खरंय, वहिनी," प्रल्हादराव म्हणाले. "आमचा वेग राहिला नाही पूर्वीचा."

"वाईट नका वाटून घेऊ. वय झालं की व्हायचंच," लुईझा म्हणाली. तिनं त्यांना कागदात बांधून चार केळी दिली.

घरी आल्यावर वसुंधराबाईंनी दारातच विचारलं, "काय म्हणाले भाऊजी? येतात का?"

"नाही येणार. आपण फार सावकाश खेळतो म्हणे."

वसुंधराबाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्या हातातली केळी घेतली आणि आत गेल्या.