शहाजादी म्हणते, येऊ द्या!

ट्रक मागं घेण्यात चाकणपासून पुण्यापर्यंत माझा हात धरणारा माणूस नाही. पुढं काय, कुणीही नेईल. मागं घ्यावा तो या बरकतनंच! चाकणच्या कांदा बाजारात बैलगाड्यांच्या दाटीत मी ट्रक असा मागं घालायचो की बैलांची रवंथसुद्धा थांबायची नाही. गाडी नानासाहेबांची, मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. ते कौतुकानं म्हणायचे, "बरकत, लेका, तुला पाठीला डोळं हायेत का काय?"

पाठीला डोळे नव्हते. पाठीला शहाजादी होती.

आता गैरसमज नको. बाकी सगळ्यांचा झाला, निदान तुमचा तरी नको. शहाजादी म्हणजे पोपट. पोपट की पोपटीण हे तिचं तिला ठाऊक, पण खेडच्या बाजारात पिंजऱ्यातून तिनं माझ्याकडं मान तिरकी करून अशा तुच्छतेनं बघितलं की दुसरं नावच सुचलं नाही. रस्त्याला एकट्या माणसाला सोबत लागते हो. कांदा काही बोलत नाही, नुसता रडवतो. म्हणून मी तिला केबिनमध्ये माझ्या डोक्यामागं टांगली. तिथं मागच्या बाजूला एक खिडकी होती, तिची काच लिलावाच्या आधीच गेलेली. धुळीसाठी पिंजऱ्यावर अम्माच्या जुन्या ओढणीचा तुकडा टाकलेला असायचा.

तेव्हा गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होते आबाजी. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. गाडी मागं घ्यायची झाली की ते खाली उतरून पत्र्यावर थाप मारत ओरडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" शहाजादी ऐकत राहिली. पुढं आबाजींचे गुडघे गेले आणि ते लेकीकडं जाऊन राहिले; पण त्यांचे शब्द गाडीतच राहिले, शहाजादीच्या बायकी आवाजात. रिव्हर्स गिअर कर्र करून पडला की मागून सुरू, "येऊ द्या, येऊ द्या!" फक्त 'बस' तिच्याकडून आपोआप यायचं नाही. त्याला मिरची लागायची. आबाजी काम झालं की तिला मिरची द्यायचे ना, तेव्हा तिच्या डोक्यात हिशेब पक्का बसलेला: चोचीत मिरची पडली की 'बस'.

नानासाहेब नवा किन्नर देत होते. मी म्हटलं, कशाला? नवा माणूस दुपारचा झोपणार, विडी ओढणार, वर मला अक्कल शिकवणार. माझं मी बघून गाडी मागं घेतो, शहाजादी धीर देते. गाडी लागली की मीच तिला मिरची द्यायचो, ती 'बस' म्हणायची आणि मी इंजिन बंद करायचो. आमचं दोघांचं छान चाललं होतं.

त्याच सुमाराला माझ्या लग्नाचं निघालं. चिंचवडला रस्त्याकडेला रहिमान मिस्त्रींचं गॅरेज होतं. पिंपरीकडं तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते, गाड्या वाढल्या होत्या, मिस्त्रींचा जम बसला होता. त्यांची थोरली मुलगी सुरय्या. अम्मानं तिला बघितलेली, आणि मीही एका लग्नात बघितलेली. पंगतीत पाणी वाढताना तिनं माझ्या हातावर पाणी सांडलं आणि "माफ करा" म्हणायच्या ऐवजी हसली. त्या दिवसापासून मला दुसरी कुणी नकोच होती. मिस्त्री तयार होते. तारीख तेवढी धरायची राहिली होती.

आणि मध्ये कडमडलं सोपानरावांचं चहाचं हॉटेल.

हे हॉटेल भोसरीच्या फाट्यावर. मी गाडी समोर झाडाच्या सावलीला लावायचो आणि केबिनमधूनच आवाज द्यायचो, "सोपानराव, एक चहा आणि चार हिरव्या मिरच्या. शहाजादीला तिखट लागतं." सोपानरावांनी गाडीत कधी डोकावलं नव्हतं, चहा मीच जाऊन आणायचो. एकदा त्यांनी जरा लाजतच विचारलं, बाईसाहेबांना चहा न्हाई का द्यायचा? मला वाटलं, गडी पोपटाची थट्टा करतोय. मीही रंगात आलो. म्हटलं, ती चहा घेत नाही, पेरू मात्र आवडीनं खाते.

"आनि ऱ्हाती कुटं?"

"गाडीतच. माझ्या पाठीशीच झोपते. आता तिच्याशिवाय मला करमत नाही, राव."

सोपानरावांनी कप खाली ठेवला आणि गाडीकडं बघितलं. वर तेवढ्यात गाडीतून बारीक आवाज आला, "येऊ द्या." हे गिअर न पडता कसं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सोपानराव घाईघाईनं म्हणाले, जावा, जावा, बोलावत्यात तुमाला.

आता सोपानरावांच्या पोटात चहासुद्धा राहत नाही. मिस्त्री सुटे भाग आणायला जाता-येता तिथंच टेकायचे. झालं. आठवडाभरात चिंचवडहून निरोप आला की संबंध होणार नाही, ज्यानं आधीच कुणी शहाजादी ठेवलीय त्यानं तिच्याशीच निकाह लावावा. अम्मानं डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडं पाठ करून बसली. मी खुलासा केला, तर म्हणाली, ते पाखरू मला माहीतच आहे, पण आता हे चिंचवडात कोण पटवून देणार? मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. सुरय्यालाही हे कुणी सांगितलं असेल, तिला काय वाटलं असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

मग मी ठरवलं. बोलून काही होणार नाही, शहाजादीच नेऊन दाखवायची. फाट्यावर गाडी थांबवली आणि सोपानरावांना म्हटलं, तुम्ही लावलेली आग तुम्हीच विझवा. मिस्त्रींना सांगा, शुक्रवारी नमाजानंतर शहाजादीला घेऊनच येतो. एकदा तिला समोर बघितली की त्यांचा राग राहणार नाही.

सोपानरावांनी कानाला हात लावला. "आरं बाबा, त्यांच्या दारात?"

"त्यांच्या दारात. सगळ्यांदेखत."

इथं मी एक शब्द जास्त बोलायला हवा होता. 'पोपट' एवढाच. पण मला वाटलं, हे त्यांना कळलेलंच आहे.

शुक्रवारी मी गाडी धुतली, अत्तर लावलं, शहाजादीच्या पिंजऱ्याला झेंडूचं फूल खोचलं. मिस्त्रींची गल्ली अरुंद. आत गाडी वळणार नाही, म्हणजे मागंच घालावी लागणार. मनात म्हटलं, वा! जावयाचा हात कसा आहे ते सासऱ्यालाही दिसू दे.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रींचं अंगण, आणि अंगणात त्यांनी नुकतीच उभारलेली पत्र्याची शेड. पत्र्यावर मिस्त्रींची बहीण, बेगमफुफी, वर्षाच्या तिखटाच्या लाल मिरच्या वाळत घालत असे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तडकलेल्या आरशात मला एवढंच दिसलं की मिस्त्री, त्यांचे मेहुणे, शेजारीपाजारी असे सगळे अंगणात उभे आहेत आणि दोन्ही हात वर करून हलवताहेत. मला भरून आलं. एवढा मान!

रिव्हर्स गिअर कर्र करून पडला. मागून सुरू, "येऊ द्या, येऊ द्या!"

खरं तर ते सगळे "थांब, थांब" म्हणून बोंबलत होते. पण लिलावातलं इंजिन ते. त्यापुढं माणसाचा आवाज कसला ऐकू येतो? मला ऐकू येत होती ती कानाशी बसलेली शहाजादी. त्यांनाही माझ्या गाडीच्या मागच्या बिनकाचेच्या खिडकीतून एका बाईचा आवाज ऐकू येत होता, आणि ती बेशरम बाई म्हणत होती, येऊ द्या. मिस्त्रींनी जोरात हात हलवले. मी गाडी जोरात घेतली.

मग धप्प आवाज झाला. शेडचा पुढचा खांब गेला. पत्रे एकामागून एक माझ्या रिकाम्या ट्रकमध्ये उतरायला लागले, आणि त्या पत्र्यांवरून वर्षभराच्या मिरच्या घसरत आल्या त्या थेट केबिनच्या खिडकीतून आत. माझ्या डोक्यावर, मांडीवर, नाकात मिरच्या. एक ओढणीच्या फटीतून बरोबर शहाजादीच्या पिंजऱ्यात पडली.

"बस!" शहाजादी म्हणाली.

मी ब्रेक दाबला. हुकमाचा बंदा.

धूळ बसायच्या आत केबिनचं दार उघडलं गेलं. दारात रहिमान मिस्त्री, हातात हा एवढा पाना. "कुठं आहे ती?" मला शिंका आवरेनात, बोलणं कसलं! मी नुसतं बोट दाखवलं. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले, शरमेनं असेल, आणि हात घालून ओढणी खेचली.

शहाजादी झेंडूखाली बसून मिरची सोलत होती. तिनं मिस्त्रींकडं मान तिरकी करून बघितलं.

"ही?" मिस्त्री म्हणाले.

"हीच," मी म्हटलं आणि शिंकलो. "अस्सलाम आलेकुम, चाचा."

मिस्त्री एकदा पोपटाकडं बघत, एकदा पडलेल्या शेडकडं. मला वाटलं, गेलं सगळं. बाई नव्हती हे सिद्ध झालं, पण असा जावई तरी कोण करून घेईल? एवढ्यात घराच्या पडद्याआडून कुणीतरी हसलं. पाणी सांडल्यावर हसलं होतं ना, तेच हसू. आणि ते थांबेचना. फुफी दटावत होती, तरी थांबेना. मिस्त्रींच्या मिशा हलायला लागल्या. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

"आधी शेड उभी कर," ते म्हणाले. "मग लग्नाचं बोलू."

मी शेड उभी केली. कितीतरी शुक्रवार मी त्या पत्र्यावर होतो, आणि खालून कुणीतरी पाणी पाठवायचं, तेही न सांडता. शेवटी निकाह झाला. सुरय्याची एकच अट होती: गाडीवर माणूस किन्नर ठेवायचा आणि शहाजादी घरात राहणार. नानासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी किन्नर दिला. दुपारचा झोपतो, विडी ओढतो आणि मला अक्कल शिकवतो.

शहाजादी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेली असते. दोघींचं फार जमतं. पाहुणे आले की शहाजादी म्हणते, येऊ द्या. माझं सोडा, पण तुम्हाला म्हणून सांगतो, शेड पडली ती इंजिनाच्या आवाजानं, नाहीतर ट्रक मागं घेण्यात चाकणपासून पुण्यापर्यंत माझा हात धरणारा

"बस!"

सुरय्यानं मिरची दिली असणार.